ताईला विचारा

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिहा, असा शाळेचा निरोप आला, तेव्हाच ठरवलं की ताईबद्दल लिहायचं. ती माझ्यापुढे दोन इयत्ता होती. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूला इजा झाली, की हालचालींवरचा ताबा जातो. ती इजा पुढे वाढत नाही, पण स्नायूंचा ताठरपणा जन्मभर राहतो. बुद्धी मात्र अनेकांची शाबूत असते. ताईची तर होतीच. माझी गणितं तीच तपासायची.

तरी लोक मलाच विचारायचे, "हिला कळतं का?" ताई समोर बसलेली असायची! आईच्या वाट्याला वेगळाच प्रश्न यायचा, बाळंतपणात काय चुकलं? अवघड बाळंतपण हे मूळ कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचा परिणामही असू शकतो, असं सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मध्येच लिहिलं होतं. आईला हे कुणी वेळेवर सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

आमच्या मराठीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी ताईला थेट प्रश्न विचारला. उत्तर द्यायचं तर तिची मान आधी एका बाजूला वळते, हात वर जातो, जबडा उघडतो आणि मग शब्द येतो. पुढच्या शब्दासाठी पुन्हा तेवढीच खटपट. बाईंनी खडू खाली ठेवला आणि उभ्या राहिल्या. कुणीतरी तिचं वाक्य पुरं करायला गेलं, तर म्हणाल्या, "तिचं बोलून होऊ दे." ताई घरी येऊन मला हे सांगत होती, तेव्हा तिला किती बोलू नि किती नको असं झालं होतं.

अचानक मोठा आवाज झाला की तिचं सगळं अंग ताठ होतं, वही-पेन उडून पडतं. शिपाईकाकांच्या हे लक्षात आलं. मग ते घंटेचा पहिला टोला अगदी हलका द्यायचे, जरा थांबायचे आणि मग नेहमीसारखी घंटा वाजवायचे. त्यांना हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. दहावीचा वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणला, तोही तिच्यासाठीच.

आता आई-बाबा थकलेत. त्यांच्यानंतर ताईचं कसं, हा प्रश्न नातेवाईक अजूनही मलाच विचारतात. आम्ही तो ताईला विचारला. तिला मदतनीस ठेवून स्वतःच्या घरात राहायचं आहे. त्याची तयारी आम्ही दोघं मिळून करतो आहोत.

मेळाव्याला ती येणार आहे आणि तिला दोन शब्द बोलायचे आहेत. संयोजकांना एवढीच विनंती : व्यासपीठावर व्हीलचेअर चढेल असा उतार करून घ्या आणि तिच्यानंतरच्या वक्त्याला जरा उशिराची वेळ द्या.