रविवारी कांदा मिळेल का?

बर्लिनच्या थंडीबद्दल येण्याआधी सगळे बजावून सांगतात. रविवारबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आपल्याकडे रविवार म्हणजे सकाळी पिशवी घेऊन मंडईत जायचं, मटणाच्या दुकानापुढे रांग लावायची आणि संध्याकाळी काही घ्यायचं नसलं तरी बाजारातून एक चक्कर मारायची. इथे रविवारी आल्डी, लिडल, रेवे, एडेका ही सुपरमार्केटं सगळी कडेकोट बंद. कपड्यांची, चपलांची, खिळे-स्क्रूची दुकानंही बंद. सकाळी अकरा वाजता फोडणीला तेल टाकायचं आणि टोपलीत कांदा नाही असं झालं, तर कांद्यावाचून भागवायचं.

यात दुकानदारांचा आळस नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून कायद्याने जपला जाईल, असं जर्मनीच्या १९१९च्या वायमार राज्यघटनेत लिहिलंय आणि १९४९च्या राज्यघटनेने ते कलम जसंच्या तसं उचललं. म्हणजे माझा कांदा थेट घटनेत अडकलाय! बर्लिनने २००६मध्ये सोमवार ते शनिवार चोवीस तास दुकानं उघडी ठेवायला परवानगी दिली. त्याच कायद्यात नाताळाआधीचे चारही रविवार दुपारनंतर खुले केले, तर चर्चवाले थेट घटना न्यायालयात गेले आणि २००९मध्ये जिंकूनही आले. कामगार संघटनाही या बाबतीत चर्चच्या बाजूने उभ्या असतात. एरवी ही दोन मंडळी एका पंगतीला बसताना फारशी दिसायची नाहीत.

त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये जी झुंबड उडते ती बघण्यासारखी असते. कॅशियर बाई खुर्चीत बसून सामान असं भराभर सरकवतात की आपण पहिली पिशवी उघडेपर्यंत टोमॅटो, दही आणि साबण पलीकडच्या टोकाला एकमेकांवर आदळलेले असतात. पिशवी भरून द्यायला कोणी नसतं. सगळं ट्रॉलीत ढकलायचं, पैसे द्यायचे आणि खिडकीजवळच्या फळीवर जाऊन निवांत लावायचं, ही इथली रीत. काउंटरवरच बसून बटाटे खाली आणि अंडी वर असा संसार मांडणाऱ्याकडे मागची रांग कशी बघते, ते सांगायला नको.

अर्थात रविवारच्या नियमाला पळवाटा आहेत. बेकऱ्यांना काही तास मुभा असते. पेट्रोल पंप उघडे असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं प्रवाशांसाठी म्हणून चालू असतात. मुख्य स्टेशनातल्या सुपरमार्केटमध्ये रविवारी गेलात तर दिसेल, हातात तिकीट किंवा बॅग कोणाच्याच नाही, सगळ्यांच्या हातात कोथिंबीर आणि टॉयलेट पेपर.

आणि मग आहे श्पेटी. पूर्व जर्मनीच्या काळात पाळीवर काम करणाऱ्यांसाठी उशिरापर्यंत उघडी राहणारी सरकारी दुकानं असायची, त्यांचं हे पुढचं रूप. कोपऱ्यावर छोटंसं दुकान, फ्रिजमध्ये बिअर, काउंटरवर गोळ्या-चॉकलेटं, बाहेर एक बाकडं. काही ठिकाणी कुरिअरचं पार्सलही ठेवून घेतात. कायद्याने बघायला गेलं तर रविवारी ही बंदच असायला हवीत. पर्यटकांसाठी नकाशे आणि वाटेत खायच्या वस्तू विकणाऱ्यांना दुपारनंतर सवलत आहे, पण नेहमीचा किराणा विकणारं दुकान त्यात बसत नाही, असं बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने २०१९मध्ये सांगितलं. तरी कित्येक उघडी असतातच. अधूनमधून तपासणीवाले येतात, दंड होतो, पुढच्या रविवारी दिवा पुन्हा लागतो.

श्पेटीच्या काउंटरमागे बहुधा तुर्की, अरब नाहीतर व्हिएतनामी माणूस असतो, आणि मला वाटतं या शहराची सगळी गंमत तिथेच आहे. नियम जर्मन माणसाने करायचे आणि त्या नियमांत जगणं सोयीचं होईल एवढी फट बाहेरून आलेल्याने उघडी ठेवायची. शर्टाची बाही आखूड करायची असो की पँटची चेन बदलायची असो, माझ्या गल्लीत ते व्हिएतनामी काकूच करतात. फुलांच्या दुकानात, नखं रंगवायच्या दुकानात बघा, तिथेही पुष्कळदा व्हिएतनामीच. हे लोक मुळात पूर्व जर्मनीच्या कारखान्यांत करारावर आणलेले कामगार. बर्लिनची भिंत पडली, कारखाने बंद पडले, नोकऱ्या गेल्या, आणि त्यांनी रस्त्यावर फुलं, भाजी, नूडल्स विकायला सुरुवात केली. आमच्या काकू चष्म्यावरून एकदा बघतात, तोंडात टाचण्या तशाच ठेवून बोटांनी किती सेंटिमीटर ते विचारतात आणि पाठकोऱ्या कागदावर फक्त वार लिहून देतात. कार्ड चालत नाही, रोख आणायची. तो वार कधी चुकलेला नाही.

तुर्की लोकांची कहाणी याच्याही आधीची. १९६१च्या ऑगस्टमध्ये भिंत उभी राहिली तशी पूर्वेकडून रोज कामाला येणारी माणसं पश्चिम बर्लिनला तुटली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. त्यांच्या पुढच्या पिढ्यांचा बाजार मायबाखउफरला, कालव्याच्या काठाने, मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. इथे आलं की माझा जीव थाऱ्यावर येतो. सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर म्हणजे प्लॅस्टिकच्या वेष्टनात चार काड्या. इथे मुठीत न मावणारी जुडी, मुळाला माती लागलेली. भेंडी, मेथी, पुदिना, सोलायला आळस आला तर सोललेला लसूण. संध्याकाळी आवराआवर सुरू झाली की विक्रेते ‘एक युरो, एक युरो’ असा कालवा करतात आणि पेटीच्या पेटी आंबे हातात कोंबायला बघतात. थेट आपली मंडई. भाव करायचा असेल तर हीच वेळ, आधी कोणी ऐकत नाही.

आणि तुर्की दुकानातलं ते घट्ट, पाणी काढलेलं दही! दहा टक्के स्निग्धांशाचं, डबाभर. पंचा शोधा, रात्रभर नळाला टांगा, ही सगळी भानगडच मिटली. साखर आणि वेलची घोटली की श्रीखंड तयार. बर्लिनमधल्या पाडव्यांचा भार या डब्यावर आहे, आणि तो डबा करणाऱ्याला याचा पत्ताही नसेल.

रविवारची सुट्टी बाटल्यांनाही असते. पाण्याची, सरबताची एकदाच वापरायची बाटली घेतली की २५ सेंट अनामत, बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या मशीनच्या तोंडात सारायची, ती आत गोल फिरते, बारकोडची पट्टी वाचली जाते, शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते आणि तेवढे पैसे बिलातून वजा. उन्हाळ्यातल्या रविवारी बागांमधून लोक रिकाम्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता शेजारी उभ्या करून ठेवतात, म्हणजे गोळा करणाऱ्याला आत हात घालावा लागत नाही. मशीन मात्र दुकानाच्या आत, आणि दुकान बंद. मग सोमवारी सकाळी मशीनपुढे हीऽऽ रांग. पुढचे आजोबा ट्रॉलीभर बाटल्या घेऊन आलेले, एकेक सारतायत, मधेच मशीन भरतं, लाल दिवा लागतो, आतून कोणीतरी किल्ल्या घेऊन येतं. आजोबा मागे वळून माझ्या हातातल्या दोन बाटल्यांकडे बघतात आणि म्हणतात, मशीन सुरू झालं की आधी तुम्ही टाका, माझं अजून बराच वेळ चालणार आहे.