रनटाईम पीएम, तिसरा रविवार: सेन्सर झोपला एकदाचा

तर मंडळी, बीएच१७५० लाईट सेन्सरसाठी स्वतःचा ड्रायव्हर (चिपशी बोलणारा कोड) लिहायचं खूळ अजून चालूच आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, त्याचा ड्रायव्हर आधीपासून आहे हे माहितीये, पण शिकायचं म्हणून कोऱ्या फाईलपासून लिहितोय. मागच्या वेळी रीडिंग यायला लागलं होतं, आता त्यात रनटाईम पॉवर मॅनेजमेंट (पीएम) घालायचं होतं, म्हणजे अख्खी सिस्टिम जागी असताना हा एकटा चिप वापरात नसेल तर त्याचा सप्लायच बंद करायचा. लिनक्समध्ये ही सोय २.६.३२ पासून, म्हणजे २००९ पासून आहे, त्यामुळे मला वाटलं दोन कॉलबॅक (कर्नल स्वतः बोलावतो ती फंक्शन्स: झोपवायला सस्पेंड, उठवायला रिझ्युम) लिहिले की झालं, दुपारपर्यंत उरकेल. कसलं काय.

पहिली ठेच प्रोबमध्येच लागली, म्हणजे ड्रायव्हर चिपला जोडला जाताना चालतं त्या फंक्शनमध्ये. मी रेग्युलेटर (चिपला सप्लाय देणारा) चालू केला, चिपशी बोललो आणि मग रनटाईम पीएम एनेबल केलं. पण कर्नल सुरुवातीला डिव्हाइस झोपलेलाच आहे असं धरून चालतो, म्हणून पहिल्याच रीडिंगला त्याने माझा रिझ्युम कॉलबॅक बोलावला आणि रेग्युलेटर दुसऱ्यांदा एनेबल झाला. त्याचा काउंट, म्हणजे किती वेळा एनेबल झाला तो आकडा, २ झाला आणि सस्पेंडमध्ये एकदाच डिसेबल, मग सप्लाय कसला बंद होतोय! एनेबल करायच्या आधी सेट-ॲक्टिव्ह म्हणून सांगायचं असतं की बाबा रे, हा जागा आहे. एक ओळ, आणि माझे दोन तास.

खरी मजा त्यानंतर. पहिलं रीडिंग बरोबर यायचं आणि लगेच दुसरं घेतलं की काहीही आकडा, एकदा तर मायनसमध्ये! एरर मात्र नाही, डीमेसेज (कर्नलचा लॉग) स्वच्छ. आणि तेव्हापासून सेन्सर झोपायचाच बंद, पॉवर फोल्डरमधलं रनटाईम-स्टेटस बघावं तर कायम ॲक्टिव्ह. शेवटी कर्नल पीएमच्या ॲडव्हान्स डीबग ऑप्शनसकट बिल्ड केला, त्याने रनटाईम-युसेज नावाची फाईल मिळते, डिव्हाइस सध्या किती जणांनी धरून ठेवलाय तो काउंट त्यात दिसतो, ती बघत बसलो. एक रीडिंग, शून्य. लगेच दुसरं, १. परत एक, २. म्हणजे कोणीतरी गेट करतंय (डिव्हाइस धरून काउंट वाढवतंय) आणि पुट करत नाहीये (सोडून काउंट कमी करत नाहीये), आणि तो कोणीतरी मीच.

झालं असं की गेटसाठी मी वापरलेला गेट-सिंक झोपलेल्या डिव्हाइसला उठवून शून्य देतो, पण डिव्हाइस आधीच जागा असेल तर १ देतो. मी शून्य सोडून काहीही आलं की एरर समजून तिथूनच रिटर्न करत होतो, पुट न करता. बरं, तो १ तसाच वर आयआयओकडे (कर्नलचा सेन्सर सांभाळणारा भाग) जायचा आणि तिथे १ चा अर्थ 'पूर्णांक मिळाला, छापा'! व्हॅल्यू मी भरलेलीच नाही, त्यामुळे त्या जागेत जो कचरा पडलेला असेल तो छापला जायचा. हे लक्षात आलं तेव्हा मी एकटाच खोलीत हसलो.

यातली दुसरी खोच म्हणजे गेट-सिंक खरोखर फेल झाला तरी काउंट वाढवूनच ठेवतो, तो आपणच खाली आणायचा. ५.१० पासून रिझ्युम-अँड-गेट आहे, तो यश आलं तर नेहमी शून्य देतो आणि फेल झाला तर काउंट स्वतः खाली आणतो. नवीन काही लिहीत असाल तर डोळे झाकून तोच वापरा, जुना हवाच कशाला?

मग सेन्सर झोपायला लागला, पण उठल्यावर रीडिंगचा आकडा अगदी निम्मा. थोडा कमीजास्त नाही, बरोब्बर निम्मा, म्हणून संशय आला. चिपमध्ये मापनाचा वेळ ठरवणारं एमटी रजिस्टर असतं, डिफॉल्ट ६९, मी संवेदनशीलता दुप्पट करायला १३८ केलं होतं. सप्लाय गेला की ते परत ६९! आता रिझ्युममध्ये आधी रेग्युलेटर, मग पॉवर-ऑन, मग १३८ परत लिहायचं, मग मापनाचा मोड, आणि मग ३६० मिलिसेकंद थांबायचं कारण वेळही दुप्पट झालेला असतो. न थांबता वाचलं तर शून्य येतं, तेही करून झालंय.

ऑटोसस्पेंडचा डिले, म्हणजे काम संपल्यावर किती वेळाने झोपायचं तो, मी यूएसबीचं बघून २००० मिलिसेकंद ठेवला होता. दर १० सेकंदाला एक रीडिंग घेतो, म्हणजे कामाचे जेमतेम ०.४ सेकंद आणि वर दोन सेकंद नुसता जागा. इथे पुढचं रीडिंग लगेच येणार नाही हे माहितीये, मग वाट कशाला बघायची, १०० वर आणला. (सगळा खटाटोप कशासाठी, तर डेटाशीट म्हणते हा चिप चालू असताना साधारण १२० मायक्रोअँप खातो. तीन रविवार गेले त्यापायी.)

आता राहिलंय रिमूव्ह, म्हणजे ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन. सेन्सर झोपलेला असताना मॉड्यूल (ड्रायव्हरच) काढलं की रेग्युलेटरवाला 'अनबॅलन्स्ड डिसेबल्स' म्हणून वॉर्निंग फेकतो, कारण बंद असलेलाच सप्लाय मी परत बंद करतोय. जागा असताना काढलं तर गुपचूप निघतं. रिमूव्हमध्ये आधी उठवून मग पीएम डिसेबल करावं की स्टेटस तपासून ठरवावं, यावर अडलोय. मला पहिलं बरं वाटतंय, पुढच्या रविवारी करून बघतो. कोणी हे आधी केलं असेल तर सांगा.