कान-नाक-घशाच्या पाटीवरचा शब्द

आईचे कान तपासून घेण्यासाठी गेलो होतो, तेव्हा समोरच्या दारावरचा शब्द तिने मला वाचायला सांगितला आणि मी तो निम्म्यावरच अडखळलो. ओटोरायनोलॅरिंगॉलजी, म्हणजे कान, नाक आणि घसा यांचे वैद्यकशास्त्र. रोमन लिपीत याला 19 वर्ण लागतात, पण उच्चारात अक्षरे 9 च आहेत: ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ-ल-जी.

शब्द ग्रीक धातूंचा आहे. ‘ओटो’ म्हणजे कान, ‘रायनो’ म्हणजे नाक (नाकावर शिंग असलेल्या गेंड्याच्या इंग्रजी नावातही तेच आहे), ‘लॅरिंग’ म्हणजे स्वरयंत्र आणि शेवटी शास्त्रवाचक ‘ऑलजी’. समासाचा विग्रह करावा तसा हा शब्द सोडवला की अर्थ लगेच लागतो. उच्चार मात्र तेवढ्याने साधत नाही, कारण अर्थाचा सांधा आणि अक्षराचा सांधा एकाच जागी पडत नाही. अर्थाच्या दृष्टीने ‘लॅरिंग’मधला ग मागच्या शब्दाचा आहे, पण बोलताना तो पुढच्या ‘ऑ’ला जाऊन मिळतो आणि ‘गॉ’ होतो. आपल्या संधीत व्यंजन पुढच्या स्वरात मिसळते, तसेच हे आहे.

खरी अडचण याच्या पुढची आहे, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. मराठीत अक्षराचे वजन आपण ऱ्हस्वदीर्घावरून, लघुगुरूवरून मोजतो. इंग्रजीत मात्र शब्दातील एका अक्षरावर मुख्य आघात येतो आणि आघात नसलेले स्वर बहुधा पुसट होतात. ‘ऑलजी’ने संपणाऱ्या शब्दांत हा आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो, म्हणजे येथे ‘गॉ’वर, आणि त्यानंतरचा ‘ल’ अगदी हलका उरतो. आपण सवयीने ‘बायोलॉजी’, ‘सायकॉलॉजी’ म्हणत ‘लॉ’ला जोर देतो, तेथे इंग्रजी उच्चार ‘बायॉलजी’, ‘सायकॉलजी’ असा असतो. फोटोग्राफ या शब्दात आघात पहिल्या अक्षरावर असतो. त्याचे ‘फटॉग्रफी’ झाले की तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला ‘ओ’ जवळजवळ ‘अ’ होऊन जातो.

म्हणून असा शब्द मी आता शेवटाकडून बसवतो: आधी ‘गॉलजी’, मग ‘लॅरिंगॉलजी’, मग ‘रायनोलॅरिंगॉलजी’ आणि सर्वांत शेवटी ‘ओटो’. आघाताची जागा पहिल्याच पायरीवर पक्की होते आणि पुढे जोडलेल्या अक्षरांनी ती हलत नाही. स्वरयंत्राच्या दाहाचे नाव घेताना मात्र तोच ग पुढच्या स्वरामुळे ज होतो, आघातही त्याच अक्षरावर येतो आणि शब्द ‘लॅरिंजायटिस’ असा उच्चारला जातो.