पंख्याला गुंडाळलेली चुनरी

माझी मामेबहीण आणि दाजी लंडनच्या कालव्यांवर नॅरोबोटीत राहतात. बोट 57 फूट लांब, रुंदी जेमतेम 7 फूट. कायमची जागा घेतलेली नसल्याने साधारण 14 दिवसांनी मुक्काम हलवावाच लागतो. नवरात्र संपल्यावर अशाच एका हलवाहलवीत मी त्यांच्यासोबत होते.

लिटल व्हेनिसहून निघालो. कालव्याचा हा पॅडिंग्टन फाटा 1801 साली सुरू झाला. तो मुख्य कालव्याला मिळतो त्या बुल्स ब्रिजपर्यंतच्या साडेतेरा मैलांत एकही लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारा दरवाज्यांचा हौद, नाही. वाटेत कालवा नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरून जातो, खालून गाड्या धावतात. पहिला दिवस निव्वळ सुखाचा.

साउथहॉलजवळ इंजिन कण्हायला लागलं, मागून काळा धूर आला आणि बोट रेंगाळली. दाजींनी ती काठाला घेतली. इंजिन बंद केलं. किल्ली ताईच्या खिशात गेली, कारण आता हात थेट बोट ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात घालायचा होता. मागच्या फळ्या उचलून पंख्याच्या वरचं लोखंडी झाकण काढलं. दाजी पालथे झोपले आणि खांद्यापर्यंत हात गढूळ, गार पाण्यात घातला. दातेरी सुरीने कापत कापत चिंध्या वर यायला लागल्या. लाल कापड, सोनेरी किनार. देवीची चुनरी! तिच्यात पिळून बसलेली प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत झेंडूचा लगदा. शेजारी एक नारळ तरंगत होता. तासाभराने दाजी उठले तेव्हा त्यांची बोटं निळसर पडली होती. शेजारच्या बोटीवरच्या आजोबांनी न सांगता गरम चहा आणून दिला.

मला भयंकर राग आला. निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. पण हे पाणी वाहतं कुठे? मैलोन्‌मैल एकच पातळी. टाकलेलं तिथेच कुजतं, नाहीतर कुणाच्या तरी पंख्यात जातं. कोल्हापुरात आम्ही पंचगंगेच्या घाटावर निर्माल्य कुंडात टाकायला शिकलो, मग इथे काय अडतं? नारळ फोडून प्रसाद वाटा, फुलं घरच्या कुंडीत घाला. देवी रागावणार नाही.

दाजींनी झाकण बसवून दोनदा आवळलं. ते सैल राहिलं तर पंख्याने उसळलेलं पाणी आत शिरून बोट बुडूही शकते. दुसऱ्या दिवशी हॅनवेलची सहा लॉक्स उतरलो. लॉकमधलं पाणी सोडायची पॅडल, म्हणजे झडपा, फिरवून माझे खांदे भरून आले.

मुक्कामाला पोहोचल्यावर दाजींनी रोजच्यासारखा ग्रीसच्या पितळी टोपीला पीळ दिला, म्हणजे पंख्याच्या दांड्याच्या, शाफ्टच्या, कडेने पाणी झिरपत नाही. ताई म्हणाली, "दरवर्षी नवरात्रानंतर हेच गं. तू मंडळाच्या ग्रुपवर लिही ना काहीतरी." त्याच रात्री लिहून टाकलं. चुनरीचा फोटोही जोडला.