आधी दिवा, मग समुपदेशन

आज एवढंच लिहून ठेवतो. जीव मुठीत धरून विस्थापितांच्या छावणीत पोहोचलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात समोर बसवून "काय काय घडलं ते सविस्तर सांगा" म्हणू नये. मन मोकळं केलं की बरं वाटतं, हा आपला भाबडा समज. एका बैठकीत सगळं ओकायला लावण्याने आघाताचा पुढचा त्रास टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही असं करू नका असंच सांगते. तिच्या 2011 च्या पुस्तिकेतली पद्धत साधी आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. एकटं पोर, गरोदर बाई, शून्यात बघत बसलेला माणूस आधी हेरायचा. तो बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर शेजारी बसायचं. मग नोंदणी, दवाखाना, ताटातूट झाली असेल तर रेड क्रॉसची शोधसेवा, यांच्याशी गाठ घालून द्यायची. "सगळं ठीक होईल" हे वाक्य तोंडातून येऊ द्यायचं नाही.

2024 च्या अखेरीस संघर्ष आणि हिंसाचारामुळे आपल्याच देशात बेघर झालेले लोक सुमारे 7.35 कोटी होते. सीमा ओलांडली नाही म्हणून 1951 चा निर्वासितांचा करार त्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांची 1998 ची 30 मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती थेट बंधनकारक नाहीत. आपल्याच देशात बेघर होण्याचा मनावर एक विचित्र परिणाम होतो. गाव कधीकधी दोन तासांवर असतं आणि तरी जाता येत नाही. माणूस तिथलाही राहत नाही, इथलाही होत नाही. रोज फोनवर घराची खबर काढतो आणि रात्रभर जागतो.

त्या जागरणाचं कारण दर वेळी भूतकाळातच असतं असं नाही. एखादी बाई डोकं दुखतं, झोप नाही, छातीत धडधडतं म्हणून येते. नीट विचारलं तर कळतं की ती दुपारनंतर पाणीच पीत नाही, कारण रात्री संडासला जायची भीती वाटते. दिवा नाही, आतून कडी नाही, वाट लांब. मदतकार्याचं आंतरराष्ट्रीय 'स्फिअर' मानक सांगतं 20 माणसांमागे एक संडास, तोही राहत्या जागेपासून 50 मीटरच्या आत. तिच्या कागदावर 'नैराश्य' लिहून झोपेची गोळी देणं सोपं पडतं. पण आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या जातीच्या गोळ्या टाळायच्या असतात. सवय लागते आणि मूळ त्रास जागच्या जागी राहतो. तिला आधी दिवा आणि कडी हवी.

याचा अर्थ आजार नसतोच असा नाही. संघर्षग्रस्त भागात साधारण पाचातल्या एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार असतो, तीव्र विकार सुमारे 5 टक्क्यांना. यातले काही आधीपासूनचे रुग्ण, गोळ्या घरीच टाकून पळालेले. म्हणून नोंदणीच्या रांगेतच विचारायचं: रोजची कुठली गोळी चालू होती? फिटची गोळी अचानक बंद झाली तर फिटवर फिट येऊ शकते. मनाच्या तीव्र चढउतारांवर लिथियम घेणाऱ्याची तर जास्तच काळजी. उन्हात, जुलाबात शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरतात, तोल जातो, आणि लोकांना वाटतं दारू प्यायलाय.

तीव्र विकार नाही पण त्रास आहे, अशा मधल्या मोठ्या गटासाठी पाच बैठकांची पद्धत चांगली आहे: आठवड्याला एक, 90 मिनिटं, प्रशिक्षित साध्या माणसाकडून. सावकाश श्वास, सुटण्याजोग्या अडचणीचे लहान तुकडे, बंद पडलेली कामं थोडीथोडी सुरू करणं, चार माणसांत मिसळणं. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात तिसऱ्या बैठकीला माणूस मजुरीला गेलेला असतो, नाहीतर छावणीच हलवलेली असते. ताडपत्रीला कान असतात, त्यामुळे नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बाई अवाक्षर काढत नाही. जागा वेगळी आणि वेळ संध्याकाळची ठेवली तर गळती थोडी कमी होते. आत्महत्येबद्दल मात्र आडवळणाने नाही, स्पष्ट विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बेत ठरलेला असेल तर बैठका बाजूला, माणसाला एकटं सोडायचं नाही आणि लगेच डॉक्टरकडे न्यायचं.

ज्यांचा माणूस बेपत्ता आहे त्यांना "आता स्वीकारा" असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. तेरावं घालायचं की वाट बघायची, हे त्यांच्या घरानेच ठरवावं. आपण फक्त शोधाचे कागद पुढे सरकवत राहावं.

हे सगळं करणारे स्वयंसेवक बहुतेकदा स्वतःच विस्थापित असतात. दिवसभर दुसऱ्याचं ऐकून त्याच ताडपत्रीखाली झोपतात. त्यांना दर आठवड्याला अनुभवी माणसाशी बोलायला तासभर मिळाला नाही, तर थोड्याच महिन्यांत ते एकतर सोडून जातात, नाहीतर दगड होतात. अंदाजपत्रकात प्रशिक्षणाचा खर्च धरलेला असतो, या तासाचा नसतो. मंजुरीआधी तो रकाना भरून घ्यायचा. नंतर कोणी देत नाही.