सरांच्या खात्यावरची उचापत

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि मराठीच्या सरांशिवाय दुसरं काही आठवेचना. इमारत, क्रीडांगण, कबड्डीचा संघ यांवर बाकीचे लिहितीलच. सरांचं नाव मी लिहीत नाही. ही स्मरणिका ज्याच्या हातात आहे त्याला ते सांगावं लागत नाही.

1984 साल, मी सातवीत. सरांसाठी किराणा दुकानातून चहापत्ती-साखर आणायचं काम माझ्याकडं. सोबत पाच पैशाची लिमलेटची गोळी उचलायची आणि म्हणायचं, "सरांच्या खात्यावर लिहा." महिनाभर खपलं. एक दिवस सर उधारीची वही घेऊनच वर्गात आले. चिडले की ते वऱ्हाडीवर येत. "काऊन बे, माह्या नावावर उचापत करतं?"

वर्ग हसला. आमच्या लेखी उचापत म्हणजे खोड्या, नसते उद्योग. मी छडीसाठी हात पुढं केला, तर सरांनी त्यावर मोल्सवर्थचा जाडजूड मराठी-इंग्रजी शब्दकोश ठेवला. "वाच." उचापत म्हणजे दुकानातून उधारीवर माल उचलणं! एकाधिकारचा चुकारा, म्हणजे सरकारी खरेदीत विकलेल्या कापसाचे पैसे, येईस्तोवर आजी करायची तीच. मी तर दोन्ही अर्थांनी केली होती. सरांचा राग तिथंच विरला आणि तास त्यावरच गेला. खोडी काढतात, कुरापतही काढतात, उचापत मात्र करतात. त्यातही दुकानातली एक असते, पोरांच्या बहुधा उचापतीच.

हिशेब निघाला एक रुपया चाळीस पैसे. "पाच पैशाले एक शब्द. लबाडीचेच आन." म्हणजे अठ्ठावीस शब्द! आजीला विचारून, बैलबाजारात कान देऊन मी गोळा करत सुटलो. चाबरा, इपितर, बेरकी, डांबरट. प्रत्येकाचं वाक्य करून दाखवलं की सर वहीतल्या एका गोळीवर काट मारत. ‘डांबरट’च्या वाक्यात मी हेडमास्तरांना घातलं, ती गोळी तशीच राहिली.

आता मी बँकेत पीककर्जाच्या फायली पाहतो. तिथं सगळी थकबाकी, उचापत कुणी म्हणत नाही. किराणा दुकानाच्या जागी मोबाईलची टपरी आहे. परवा शाळेत डोकावलो, कपाट जागेवर होतं, कोश नव्हता. ज्यानं उचलला त्यानं निदान वाचावा.

सव्वीस शब्द झाले आणि वार्षिक परीक्षा लागली. सरांचे दहा पैसे अजून माझ्याकडं निघतात.