तुम्ही विचारलंत म्हणून: विटांच्या गेममध्ये आधी फळी बघा

"ब्राउझरमध्ये विटा फोडायचे शेकडो गेम आहेत आणि सगळे सारखेच दिसतात. त्यातला चांगला कोणता, हे तुम्ही कसं ठरवता?" हा प्रश्न मला ओळखीतले लोक नेहमी विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहिते. पडद्याच्या तळाशी असलेली फळी डावी-उजवीकडे सरकवून चेंडू वर उडवायचा आणि वरच्या विटा फोडायच्या, असा हा गेम. मी तो आवडीने खेळते आणि नवा कुठे दिसला की उघडून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. माझं उत्तर असं : रंग, आवाज, वरून पडणारी बक्षिसं हे सगळं नंतर बघा. चेंडू फळीच्या टोकाला लागल्यावर कुठे जातो, ते आधी बघा.

कॅरमची सोंगटी कडेवर ज्या कोनात आपटते, साधारण त्याच कोनात परतते. विटांच्या गेममध्ये दोन्ही बाजूच्या भिंती, छत आणि विटा अशाच वागतात. आता फळीही तशीच वागू लागली तर? मग चेंडूचा तिरकेपणा कधीच बदलत नाही. सुरुवातीला जो कोन मिळाला, तोच शेवटपर्यंत. तुम्ही फळीच्या मधोमध घ्या नाहीतर टोकावर घ्या, काही फरक पडत नाही. चेंडू खाली पडू न देणं एवढंच तुमच्या हातात उरतं. मग कोपऱ्यात एक वीट शिल्लक राहते, चेंडू त्याच त्या वाटांनी फिरत राहतो आणि ती वीट काही केल्या त्याच्या वाटेत येत नाही. कितीतरी जण या टप्प्यावर कंटाळून टॅब बंद करतात आणि 'यात काय आहे?' म्हणतात. मला तेव्हा फार हळहळ वाटते, कारण खरा गेम त्यांच्यासमोर आलेलाच नसतो.

यावरचा उपाय १९७२ मध्येच सापडला होता. अटारी या अमेरिकी गेम कंपनीचा 'पाँग', म्हणजे दोघांनी खेळायचा टेनिससारखा गेम, बनवताना अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी फळीचे आठ भाग केले. मधल्या भागावर लागलेला चेंडू सरळ परत जायचा, आणि टोकाकडे जावं तसा तिरका होत जायचा. या एका निर्णयाने खेळणाऱ्याला नेम धरता येऊ लागला. चेंडू अडवणं आणि चेंडू पाठवणं यातला फरक ज्याला जाणवला, त्याला हा गेम सुटत नाही.

अटारीचाच 'ब्रेकआउट' १९७६ मध्ये आला. नोलन बुशनेल आणि स्टीव्ह ब्रिस्टो यांची कल्पना होती, एकट्याने खेळायचा पाँग : समोर प्रतिस्पर्धी नाही, भिंत. विटांच्या आठ ओळी, दर दोन ओळींना एक रंग. पडदा मात्र कृष्णधवल होता. त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावून विटा रंगीत दिसायच्या. सर्वांत खालच्या पिवळ्या विटेला १ गुण, हिरवीला ३, नारिंगीला ५ आणि सर्वांत वरच्या लालला ७. चौथ्या आणि बाराव्या टोल्यानंतर चेंडूचा वेग वाढायचा, नारिंगी आणि लाल ओळींना लागल्यावर आणखी वाढायचा. आणि चेंडू लाल ओळ भेदून छताला पोचला, की फळी निम्मी व्हायची.

हा शेवटचा नियम मला सर्वांत जास्त आवडतो. कारण छतापर्यंत पोचणं हीच तर खरी कमाई असते! भिंतीच्या एका कडेने बोगदा पाडायचा, चेंडू त्यातून वर घालायचा. मग तो छत आणि विटांच्या मध्ये आपटत राहतो आणि महागड्या विटा आपोआप फुटत जातात. डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी आपल्या प्रणालीला ब्रेकआउट खेळायला ठेवलं, तेव्हा पुष्कळ सरावानंतर तिनेही हाच बोगदा शोधला. २०१५ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलेल्या त्यांच्या लेखात त्याचा उल्लेख आहे. पण बोगदा पाडायचा तर एकाच कडेवर पुन्हापुन्हा चेंडू पाठवता आला पाहिजे. ते फळीच्या कोनाशिवाय शक्य नाही. म्हणून मी सारखं फळीबद्दल बोलते.

मग ब्राउझरमधल्या इतक्या गेममध्ये हे का नसतं? कारण प्रोग्रॅमिंग शिकणारे बरेच जण सुरुवातीला हाच गेम बनवतात. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचा एक प्रसिद्ध धडा आहे, साध्या जावास्क्रिप्टमध्ये ब्रेकआउट लिहायचा. त्यात फळीला लागल्यावर चेंडूची फक्त वर-खाली दिशा उलटते. धडा म्हणून ते अगदी योग्य आहे, पण तिथेच थांबलेले गेम पुष्कळ आहेत. दुसरी अडचण वेगाची. चेंडू दर चौकटीला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक नव्या चित्राला, ठरावीक पिक्सेल सरकवला, तर सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या पडद्यावर ठीक चालणारा गेम १२० वाल्या पडद्यावर दुप्पट वेगाने धावतो. चांगला लिहिलेला गेम किती वेळ गेला ते मोजून चेंडू सरकवतो.

तरी या नवशिक्यांच्या गेमबद्दल मला मनापासून प्रेम आहे. ब्रेकआउटचं सुरुवातीचं यंत्र स्टीव्ह वॉझनियाक यांनी स्टीव्ह जॉब्झसाठी (दोघे पुढे अ‍ॅपल कंपनीचे संस्थापक) चार रात्री जागून उभं केलं, तेव्हा त्यात प्रोसेसरच नव्हता. सगळा गेम चिप आणि तारांचा होता. पुढे अ‍ॅपल टू हा संगणक तयार करताना वॉझनियाक यांनी तोच गेम बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला. रंग, आवाज आणि फिरवायच्या बटणाची सोय यंत्रात आली, त्यामागे या गेमचा मोठा वाटा होता, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. जे बदलायला आधी तारा हलवाव्या लागत, ते एक आकडा बदलून होऊ लागलं. आज ब्राउझरमध्ये शाळकरी मूलही तेच करू शकतं.

तेव्हा निवडताना एवढं करा. चेंडू डावीकडून येत असेल, तर तो फळीच्या डाव्या टोकावर घ्या. तो पुन्हा डावीकडे वळला, तर खेळत राहा. गेम बनवणाऱ्याने विचार केलेला आहे. तो निमूट उजवीकडे निघून गेला, तर दुसरा शोधा. शक्यतो माउसने खेळा. मूळ यंत्रावर गोल बटण होतं, ते जेवढं फिरवाल तेवढीच फळी सरकायची आणि माउस त्याच्या सर्वांत जवळ जातो. बाणाच्या कळांवर फळी तिच्या ठरावीक वेगानेच सरकते, त्यामुळे चेंडू वेगात आला की टोकावर नेमकं घेणं जमत नाही. फोनवर खेळणार असाल, तर फळीच्या खाली बोट ठेवायला मोकळी जागा सोडलेला गेम निवडा, नाहीतर ज्या टोकावर चेंडू घ्यायचा, तेच बोटाखाली झाकलं जातं.